सहा बाटल्या लाफीत, चोवीस बाटल्या पोतांसाक

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या आतेभावाने लंडनहून एक जुनं बिल फोनवर पाठवलं. खाली एकच ओळ : ‘बघ गं जरा, विकून टाकू का?’

मी पेशाने सीए. ठाण्यात छोटं ऑफिस आहे. नातेवाइकांचे कागद माझ्याकडे येतच असतात. सोसायटीच्या थकबाकीची नोटीस, गावच्या जमिनीचा सातबारा, कुणाच्या सासऱ्यांची मुदत संपून पडलेली एफडी. वाइनचं बिल पहिल्यांदाच आलं. मला वाइनमधलं फार कळत नाही, पण बिल वाचता येतं. आणि हे बिल असं होतं की पुढचे दोन महिने मी रात्री जेवणं झाल्यावर बोर्दो या फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखाबद्दल वाचत बसले.

बिल जुलै २०११ चं, लंडनमधल्या एका वाइन व्यापाऱ्याचं. दोनच नोंदी, दोन्ही बोर्दोतल्या ‘शातों’च्या, म्हणजे द्राक्षमळा असलेल्या वाइन-घरांच्या. पहिली : शातो लाफीत रोथशिल्ड, पोयाक, २०१०, सहा बाटल्या, ५,७०० पौंड. दुसरी : शातो पोतांसाक, मेदोक, २०१०, बारा बाटल्यांच्या दोन पेट्या, ३५० पौंड. दोन्ही ‘इन बाँड’, म्हणजे माल बाँडेड गोदामात राहणार आणि ड्यूटी-व्हॅट तो बाहेर काढाल तेव्हा भरायचा. दादाचा माल विल्टशरमधल्या एका जुन्या दगडखाणीत होता. तिथे जमिनीखाली वर्षभर सारखाच गारवा असतो, उजेड नाही, हादरे नाहीत.

दोन्ही नोंदी एकाच हंगामाच्या. पाऊस तोच, ऊन तेच, तोडणीचा सुमार तोच. दोन गावांमध्ये अंतर वीसेक किलोमीटरचं. आणि दोन्हींच्या पुढे व्यापाऱ्याने छापलेलं विशेषणही तेच : असामान्य साल.

दादाला त्या वर्षी बँकेतून बरा बोनस मिळाला होता. मुलगी बारा वर्षांची होती. हिच्या लग्नात उघडू, नाही उघडली तर विकू, भाव काय वाढणारच, असा त्याचा हिशेब. मी फोनवर विचारलं, ‘दादा, घेण्याआधी तू ती प्यायला होतास?’

‘अगं, पिणार कशी? वाइन पिंपातच होती तेव्हा.’

बोर्दोची ही पद्धत परक्या माणसाला चमत्कारिक वाटते. द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. पुढच्या वसंतात, म्हणजे वाइन जेमतेम सहा महिन्यांची असताना, जगभरचे समीक्षक आणि व्यापारी येऊन पिंपातला नमुना चाखतात. मग शातो एकेक करून भाव जाहीर करतात आणि विक्री होते. वाइन मात्र अजून वर्षभर तरी २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात राहायची असते. बाटलीत भरून हाती यायला पैसे दिल्यापासून दोन वर्षं लागतात. या विक्रीला ‘आं प्रिमर’ म्हणतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करतो, तसंच हे. सँपल फ्लॅट बघायचा, तोही आपण नाही, दुसऱ्याने बघून सांगायचा, आणि चेक फाडायचा.

फ्लॅटमध्ये तो धोका आपण का पत्करतो? कारण प्री-लाँचचा रेट ताब्याच्या रेटपेक्षा कमी असतो. बिल्डर पळेल, प्रकल्प रखडेल, व्याज बुडेल, या सगळ्याची किंमत त्या फरकात धरलेली असते. आं प्रिमरचंही तेवढंच गणित आहे. दोन वर्षं पैसे अडकतात आणि मध्ये व्यापारी बसला तर बोंब. ही नुसती कल्पना नव्हे : कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात ‘प्रीमियर क्रू’ नावाचं दुकान अशीच न आलेली वाइन वर्षानुवर्षं विकत होतं, नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याचा माल आणून देत होतं. २०१६ मध्ये ते दिवाळखोरीत गेलं आणि मालकाला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा आगाऊ घेणाऱ्याला सूट मिळायलाच हवी. २०१० च्या लाफीतवर ती मिळाली का, हे मी पहिलं तपासलं. नाही. त्याच लाफीतची २००४ किंवा २००६ ची तयार, बाटलीबंद वाइन त्या वेळी बाजारात २०१० पेक्षा कमी भावात मिळत होती. शेजारची ताबा मिळालेली इमारत स्वस्त आणि खड्डा खणलेला प्लॉट महाग, असा प्रकार.

मग लोकांनी का घेतली? मूर्ख म्हणून नव्हे, एवढं दादाच्या बाजूने सांगायलाच हवं.

आपल्याकडे जुन्या पिढीत रिलायन्सच्या १९७७ च्या इश्यूची गोष्ट जशी सांगतात, तशी बोर्दोच्या गिऱ्हाइकांत १९८२ सालची सांगतात. रॉबर्ट पार्कर हा मेरीलँडचा वकील. १९७८ मध्ये त्याने स्वतःचं वाइनचं वार्तापत्र सुरू केलं आणि शाळेच्या गुणपत्रिकेसारखे शंभरपैकी गुण द्यायला लागला. १९८२ ची वाइन पिंपात चाखून तो म्हणाला, हे थोर साल आहे, घ्या. अमेरिकेतले काही नावाजलेले समीक्षक साशंक होते. वाइन फार पिकलेली, फार मऊ आहे, टिकायची नाही, असं त्यांचं मत. शिवाय डॉलर तेव्हा फ्रँकसमोर तगडा होता, म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकाला माल स्वस्त पडत होता. पार्करचं ऐकून ज्यांनी पेट्या घेतल्या त्यांचे पैसे कित्येक पट झाले, आणि पार्कर या धंद्यातला सगळ्यात वजनदार माणूस झाला.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा असतो आणि सांगताना नेमका तोच गळतो. १९८२ ला साल थोर होतं, पण भाव अजून थोर झाला नव्हता. मतभेद होते, म्हणून वाव होता. २०११ मध्ये मतभेद करायला कुणी उरलंच नव्हतं.

त्यात हाँगकाँग. २००८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगने वाइनवरची ड्यूटी काढून टाकली आणि चीनच्या पैशाला दार उघडलं. त्याच वर्षी लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली, त्यामुळे २००८ च्या हंगामाची वाइन २००९ च्या वसंतात विकायला काढली तेव्हा शातोंनी धास्तीने भाव उतरवले. लाफीतची बाटली व्यापाऱ्यांच्या पातळीवर १३० युरोंच्या आसपास निघाली. साल बरं होतं, थोर नव्हतं. मग २०१० च्या ऑक्टोबरात लाफीतने जाहीर केलं की २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठाचा आकडा कोरलेला असेल. आठ हा चिन्यांचा शुभ आकडा. भाव उसळला. त्याच महिन्यात सदबीजच्या हाँगकाँगमधल्या लिलावात १८६९ सालच्या लाफीतच्या तीन बाटल्या प्रत्येकी २ लाख ३२ हजार अमेरिकन डॉलरना गेल्या. लाफीतची धाकटी वाइन ‘कारुआद’ हिचेही भाव पिसाटले, आणि इथे माझ्यातली ऑडिटर जागी झाली. थोरलीच्या दर्जाबद्दल वाद घालता येईल, पण त्याच घराची दुय्यम वाइन केवळ नावावर अशी पळते, तेव्हा लोक द्राक्षाचे नाही, लेबलचे पैसे देत असतात.

२००९ चं साल ‘शतकातलं साल’ म्हणून विकलं गेलं. लगेच २०१० आलं, तेही शतकातलंच. तसं बघितलं तर २०००, २००५, २००९, २०१० अशी अकरा हंगामांत शतकातली चार सालं झाली. लाफीतने २००९ आणि २०१० या दोन्ही वेळी बाटलीचा भाव साडेपाचशे-सहाशे युरोंच्या घरात ठेवला. दोन वर्षांपूर्वीच्या चौपटीच्याही वर.

थोडं त्या सालाबद्दल, कारण माल खरोखर उत्तम होता आणि त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. २०१० मध्ये बोर्दोत फुलोऱ्याच्या वेळी थंडी आणि पाऊस पडला. मर्लो या जातीत बरीच गळ झाली, घडांत काही मणी भरलेच नाहीत. उत्पादन तिथेच घटलं. त्यानंतर उन्हाळा कोरडा गेला, पण २००३ सारखा भाजणारा नव्हता, रात्री थंड होत्या. मणी लहान राहिले, साली जाड झाल्या. साखर भरपूर भरली आणि आंबटपणाही टिकला, आणि या दोन गोष्टी एका हंगामात क्वचित जमतात. जाड सालींतून रंग आणि टॅनिन येतं. टॅनिन म्हणजे कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जी ओढ बसते ती. तरुण वाइनमध्ये ती नकोशी वाटते, पण तिच्याच जिवावर वाइन चाळीस वर्षं टिकते. २००९ चं साल उबदार, लवकर माणसाळणारं होतं. २०१० चं कडक, ताठ, फार दिवस थांबायला लावणारं.

नाशिकच्या बागायतदाराला ‘साल’ या शब्दाचं बोर्दोतलं वजन पटवणं जड जातं. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे फळ कोरड्या दिवसांत पिकतं. अवकाळी आणि गारपिटीने घात केला नाही, तर वर्षावर्षांत तेवढी तफावत नसते. बोर्दो अटलांटिकच्या काठावर. तिथे सप्टेंबरातला आठवडाभराचा पाऊस अख्खं वर्ष पाण्यात घालवतो. हापूसचं उदाहरण जवळचं वाटतं, पण तेही पुढे उलटं होतं. हापूसचं साल चांगलं गेलं की वाशीच्या मार्केटमध्ये पेट्या येऊन पडतात आणि भाव उतरतो. बोर्दोत साल चांगलं गेलं की भाव चढतो. आंबा आठ दिवसांत खायलाच लागतो, लाफीत चाळीस वर्षं पडून राहू शकते. नाशवंत माल विकणाऱ्याला घाई असते. न नासणारा माल विकणाऱ्याला कसली?

भाव ठरवण्याची तिथली साखळीही बघण्यासारखी आहे. शातो थेट गिऱ्हाइकाला विकत नाही. मध्ये ‘कूर्तिए’ म्हणजे दलाल, दोन टक्के दलालीवर. त्यांच्यामार्फत माल ‘नेगोसियां’ म्हणजे बोर्दोतल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे, तिथून लंडन-हाँगकाँग-न्यू यॉर्कचे आयातदार, मग दादा. प्रत्येक नेगोसियांचा कोटा ठरलेला. एखाद्या वर्षी भाव परवडत नाही म्हणून माल उचलला नाही, तर पुढच्या चांगल्या वर्षी कोटा जाण्याची भीती. त्यामुळे साखळीतला प्रत्येक जण गिळतो आणि खालच्याला गिळायला लावतो. दादाच्या व्यापाऱ्याने त्याला सांगितलं होतं की लाफीत हवी असेल तर सोबत दुसरंही काही घ्या. पोतांसाकच्या दोन पेट्या बिलात आल्या त्या अशा. खळ्यावरचे चांगले कांदे घ्यायचे तर थोडे बारीकही घ्या म्हणतात, तशा.

बोर्दोतली वरची नावं ठरलीत १८५५ मध्ये. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची प्रतवारी हवी होती, ती तिथल्या दलालांनी करून दिली. कशाच्या आधारावर? बाजारभावाच्या. ज्याचा भाव जास्त तो वरच्या वर्गात. म्हणजे जगातली ही सगळ्यात प्रतिष्ठित प्रतवारी मुळात दलालांची भावपट्टी आहे. लाफीत पहिल्या वर्गात, सोबत मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर. (आपलं लातूर नव्हे, पण उच्चार तोच. ऑफिसात मी हे वाचत होते तेव्हा माझ्या औशाच्या असिस्टंटने दोनदा मान वर करून बघितलं.) पहिल्या वर्गात बढती आजवर एकालाच मिळाली, मुताँला, १९७३ मध्ये. पोतांसाक या यादीत नाहीच. ते पोयाकच्या उत्तरेला, मेदोकच्या कमी मानाच्या पट्ट्यात आहे. पण मालक देलाँ कुटुंब, म्हणजे सां-झ्युलियाँमधल्या लेओव्हील लास काझ या बड्या शातोचे तेच मालक. थोरल्या घराचं शहाणपण आणि धाकट्या गावाचा भाव.

दादाने पैसे भरले त्याच सुमारास बाजार माथ्यावर होता. लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइन-बाजाराचा शंभर वाइनचा निर्देशांक २०११ च्या जूनमध्ये शिखरावर पोचला आणि २०१४ च्या मध्यापर्यंत सुमारे एक-तृतीयांश उतरला. लाफीत त्याहून जास्त आपटली, कारण तीच सगळ्यात वर चढली होती. चिनी गिऱ्हाईक आधी सावध झालं, मग फ्रान्सच्याच बरगंडी भागातल्या वाइनकडे वळलं. २०१२ च्या शेवटापासून शी जिनपिंग यांनी सरकारी उधळपट्टी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम काढली आणि साहेबांना भेट द्यायची बाटली कपाटात गेली. शातो लातूरने २०१२ च्या एप्रिलमध्ये आं प्रिमरमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. वाइन पिण्याजोगी झाली की आम्हीच विकू, म्हणाले. उत्पादकालाच माल स्वतःकडे ठेवणं फायद्याचं वाटायला लागतं, तेव्हा आगाऊ घेणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं याचा अंदाज येतो.

आता दादाचा हिशेब. लाफीतचे ५,७००. वाइन २०१३ मध्ये गोदामात आली, तिथून ११ वर्षं भाडं-विमा वर्षाला १२ पौंड, म्हणजे १३२. घातले एकूण ५,८३२. ऑगस्टमध्ये दलालाने सहा बाटल्यांच्या न उघडलेल्या लाकडी पेटीला २,७५० पौंड देऊ केले होते, त्यातून १० टक्के कमिशन वजा, हाती २,४७५. तोटा ३,३५७ पौंड, घातलेल्याच्या निम्म्याहून बराच जास्त. तेरा वर्षांची महागाई आणि व्याज धरलेलंच नाही.

आत्या, म्हणजे दादाची आई, माझ्या शेजारी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, ‘त्या पैशाचं सोनं किती आलं असतं?’ काढून दाखवलं. जुलै २०११ मध्ये पौंड ७२ रुपयांच्या आसपास, सोनं तोळ्याला साडेबावीस हजारांच्या आसपास. सव्वाअठरा तोळे आले असते. २०२४ च्या ऑगस्टच्या भावाने तेरा लाखांच्या घरात. आत्या काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, जणू वाइन मीच घेतली होती.

मला स्वतःला सोन्यापेक्षा दुसरी तुलना जास्त झोंबली. २००८ ची लाफीत, ती १३० युरोवाली, बरं-पण-थोर-नव्हे सालाची, २०२४ मध्ये बाजारात २०१० च्या फार मागे नव्हती. ज्याने २००९ च्या वसंतात, सगळे घाबरलेले असताना ती घेतली तो तेव्हाही मजबूत फायद्यात होता. ज्याने दोन वर्षांनी असामान्य साल म्हणून चौपट देऊन घेतली तो असा. सालाचं थोरपण पहिल्या दिवशीच बिलात लावलं गेलं होतं, दादाला मिळवायला त्यातलं काही शिल्लकच नव्हतं.

पोतांसाकचं गणित लावताना मला वाटलं होतं, इथे तरी फायदा दिसेल. तसाही नाही. एक पेटी दादाने आधीच काढून पिऊन टाकली होती. उरलेल्या पेटीचे १७५ पौंड, ११ वर्षांचं भाडं १३२, बाहेर काढताना ड्यूटी बाटलीमागे २.६७ पौंडांनी ३२, वाइनची किंमत आणि ड्यूटी मिळून त्यावर २० टक्के व्हॅट ४१. एकूण ३८०, म्हणजे बाटली पावणेबत्तीस पौंडांना पडली. एवढ्याच किमतीला ती तेव्हा लंडनच्या दुकानात मिळत होती. स्वस्त वाइनला भाडंच खातं. गोदामवाला पेटीत काय आहे हे बघून भाडं लावत नाही. सात-आठ वर्षांत काढून घरी नेली असती तर थोडी बचत झाली असती, पण लंडनच्या फ्लॅटमध्ये हीटरशेजारी ठेवायची कुठे, हाही प्रश्नच. तरी पैसे गेले नाहीत आणि वाइन मिळाली. आणि उत्तम सालाचा खरा उपयोग इथे झाला. लाफीत वाईट सालातही बरी करतात. त्यांच्याकडे खडीची निचऱ्याची जमीन आहे, माणसं आहेत, नको ते पिंप बाजूला काढायची ऐपत आहे. पोतांसाकसारख्या ठिकाणी द्राक्ष नीट पिकणं हेच मोठं असतं, आणि २०१० मध्ये ते आपसूक पिकलं. या धंद्यातले जुने लोक सांगतातच की थोर सालात लहान घरांची घ्यावी आणि मधल्या सालात मोठ्या घरांची. दादाने बिलात पहिला अर्धा नियम नाइलाजाने पाळला, दुसरा हौसेने मोडला.

सल्ला देताना मी त्याला तोट्याबद्दल काही म्हटलं नाही. ५,७०० गेले ते गेले. एकच विचारलं, ‘आज तुझ्या हातात २,४७५ पौंड आहेत असं समज. त्याच्या सहा लाफीत घेशील का? बाटली ४१२ ला पडेल.’

‘वेडी आहेस का?’

‘मग विक.’

बराच वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, ‘चार विकून दोन ठेवू?’ तेही मी बघून ठेवलं होतं. लाकडी पेटी फोडली की सुट्या बाटल्यांचा भाव पडतो, गिऱ्हाईक पेटी न उघडलेली मागतं. बनावट बाटल्यांची भीती या बाजारात खरी आहे. रूडी कुर्नियावान या माणसाने अमेरिकेत घरी बसून जुन्या फ्रेंच वाइन ‘तयार’ केल्या आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची सजा झाली. दादाच्या पेटीची हीच एक जमेची बाजू होती : शातोतून निघाल्यापासून ती गोदामाबाहेर गेलेलीच नव्हती, कागद सगळे जागेवर. ते बळ पेटी फोडून का घालवायचं? मुलीला विचार म्हटलं. ती आता पंचवीसची. तिने कळवलं की लग्नाचा एवढ्यात विचार नाही, आणि झालंच तर तिला जिन आवडते. सप्टेंबरात सौदा झाला.

दिवाळीला ते तिघं ठाण्याला आले. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटीशिवाय आणता येतं, म्हणजे माणशी दोन बाटल्या. रीतसर आयात करायची तर तेव्हा वाइनवर सीमाशुल्क आणि कृषी उपकर मिळूनच १५० टक्के होते, वर राज्याचं उत्पादनशुल्क. तीन माणसांच्या सहा बाटल्या पोतांसाक बॅगांत कपड्यांत गुंडाळून आल्या. बोर्दोची वाइन जहाजाने हिंदुस्थानात यायची ती गोष्ट दादाने तेव्हाच सांगितली. सांतेस्तेफ गावच्या कोस देस्तुर्नेलचा एकोणिसाव्या शतकातला मालक आपली वाइन इकडे पाठवायचा, न विकलेली परत गेली की समुद्रप्रवासाने ती सुधारलीय म्हणून आणखी मिरवायचा. शातोवर त्याने पॅगोडे बांधले, ते अजून आहेत. कर्जापायी पुढे त्याला सगळं विकावं लागलं. आमच्या बाटल्यांनी मात्र विमानाचा प्रवास सहन केला नव्हता. पहिली बाटली दुसऱ्याच दिवशी उघडली तर नुसती गढूळ आणि मुकी.

आठवडाभर उभी ठेवून दुसरी उघडली. ठाण्यात तेव्हा बत्तीस डिग्री होतं. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ पितात हे वाक्य युरोपातल्या खोल्यांबद्दल आहे. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. बूच अखंड निघालं, आतल्या बाजूला जांभळं झालेलं. दादाने मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरला आणि काचेच्या भांड्यात हळूहळू ओतत गेला. मानेशी गाळाची काळी रेघ आली तसा थांबला. दोन बोटं वाइन तळाशी राहिली. ग्लासात कड विटकरी झाली होती, मध्ये अजून गडद. वास आधी काहीच नाही. दहा मिनिटांनी पेन्सिल तासल्यावर शार्पनरमध्ये येतो तो वास, मग पिकलं जांभूळ. तुरटपणा होता, पण जीभ धरून ठेवणारा नव्हता. वहिनीने अळणी मटण केलं होतं, त्यासोबत ती अशी जमली की आम्ही बोलायचं थांबलो. भाऊबीजेच्या तांबड्या रश्शासोबत तिसरी बाटली उघडली, ती चूक झाली. तिखट आणि टॅनिन दोन्ही मिळून घसा सोलला.

आत्याने चमच्याभर चाखून तोंड वाकडं केलं. मग बाटली उचलून उजेडात धरली, तळाचा गाळ मोरीत ओतला आणि आत बोट फिरवून बघितलं.

‘काच जाड आहे हो,’ ती म्हणाली. ‘लेबल निघतं का बघा भिजवून. मनी प्लांट छान राहील.’